पोळ्याला छाटणी, दिवाळीला रंग : कुंपणावरची बोगनवेल अशी फुलवा

आंधळगाव (ता. मोहाडी) : दिवाळी जवळ आली की घराची रंगरंगोटी सुरू होते आणि त्याच झपाट्यात कुंपणावरची बोगनवेलही सपासप छाटली जाते. मग दिवाळी जाते, भाऊबीज जाते, गावची मंडई पण होऊन जाते, अन् वेल नुसती हिरवीच! "आमच्याकडची फुलतच नाही" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते. वेलीत खोट नसते, छाटणीची वेळ चुकलेली असते.

रंगीत असते ते फूल नव्हेच

बोगनवेलीचा गुलाबी, राणी किंवा केशरी भाग म्हणजे पाकळ्या नाहीत. ती रंग बदललेली पानं आहेत. नीट पाहा, तीन रंगीत पानांच्या मधात बारीक पांढरट नळी दिसते, ते खरं फूल. लाल माठ आणि बीट ज्या प्रकारच्या रंगद्रव्यानं लाल होतात, त्याच प्रकारचं रंगद्रव्य या पानांत असतं.

थंड देशांत शरद ऋतूत भिंतीवरच्या वेली लालभडक होतात, ते फोटो मोबाईलवर दिसतात. तिथं रात्री गार आणि दिवसा ऊन असलं की पानातला हिरवा रंग मोडतो आणि लाल रंग तयार होतो. आपल्याकडे ऑक्टोबरात उलट उकाडा असतो, म्हणून तशा वेली इथं लावून तो रंग मिळणं कठीण. आपल्या आश्विन-कार्तिकाला रंग द्यायचा तर बोगनवेलच कामाची.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1767 मध्ये ब्राझीलच्या रिओ शहराजवळ फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञ कॉमर्सन यांनी तिची नोंद केली आणि आपल्या जहाजाच्या मोहिमेचे प्रमुख बोगनविल यांचं नाव तिला दिलं. आपण त्यातल्या 'विल'चं 'वेल' करून टाकलं!

पावसाळ्यात नुसता पाला का?

बोगनवेल फुलायला तीन गोष्टी लागतात : कडक ऊन, लहान होत जाणारा दिवस आणि मुळाशी थोडा कोरडेपणा. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो पावणेअकरावर येतो. पावसात पाणी भरपूर, ऊन कमी. मग वेल फांद्या वाढवते, फुलत नाही. पाऊस थांबला की तिला फुलायचा इशारा मिळतो.

रंग येतो तो नव्या फुटव्यांवर. छाटणीनंतर फुटवे येऊन रंग भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पोळा श्रावण अमावास्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, म्हणजे मधात बरोबर दोन महिने. म्हणून पोळ्याच्या आसपास हलकी छाटणी करा. दिवाळीच्या सफाईत फक्त वाळकी काडी काढा. पाऊस लांबला तर रंग थोडा उशिरा येईल, पण मंडईच्या दिवसांत बहुतेक सापडेलच.

लावायची कशी?

- काडी : जूनमध्ये पेन्सिलीएवढी जाड, पक्की काडी घ्या. लांबी सहा ते आठ इंच, त्यावर तीन-चार डोळे हवे. खालचा काप तिरपा द्या, म्हणजे उलटी लागणार नाही. माती, रेती आणि शेणखत भरलेल्या पिशवीत लावून सावलीत ठेवा. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात.
- जागा : दिवसाचं किमान सहा तास ऊन हवं. बांधीसारखी पाणी साचणारी जागा नको, मुळं सडतात. माती भारी असेल तर रेती-मुरूम मिसळून उंचवट्यावर लावा.
- खड्डा : दीड फूट लांब, रुंद आणि खोल. कुंपणासाठी दोन रोपांत पाच-सहा फूट अंतर ठेवा.
- रोप लावताना : मुळं नाजूक असतात. पिशवी ब्लेडनं कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका.
- आधार : या वेलीला धरून चढायला तणावे नसतात, बांधावंच लागते. तार वापरू नका, खोड कापते. आंधळगाव तर हातमागाचं गाव, मागावरचं उरलेलं सूत किंवा कापडाची चिंधी त्यासाठी चांगली. गाठ सैल ठेवा.

पहिल्या वर्षी काट्या लावून रोप राखा. काटे पक्के झाल्यावर गुरं सहसा आत घुसत नाहीत, पण कोवळा शेंडा शेळी सोडत नाही.

पाणी अन् खत : जास्त लाड नको

युरिया टाकला की पाला माजतो, रंग मागे पडतो. जूनमध्ये दोन घमेले शेणखत आणि पोळ्यानंतर दोन मुठी चुलीची राख पुरे. पाऊस उघडल्यावर रोज पाणी देऊ नका. दुपारी पानं जराशी मलूल दिसली की एकदा भरपूर द्या. जमिनीतल्या जुन्या वेलीला दहा-पंधरा दिवसांनी पाणी चालते, कुंडीला तीन-चार दिवसांनी. नव्या रोपाला मात्र पहिलं वर्ष नेमानं पाणी द्या.

वर्षाचं वेळापत्रक

- मे अखेर-जून : भारी छाटणी. वेल कमरेएवढी केली तरी चालते. त्याच काड्या रोपांसाठी वापरा.
- पोळा : फक्त शेंडे, वीतभर ते हातभर.
- ऑक्टोबर : पाणी कमी, कात्री बंद.
- नोव्हेंबर ते उन्हाळा : रंगाचा एक बहर गळला की शेंडे खुडा, पुन्हा फुटवे येतात.

हे टाळा

विजेच्या तारेखाली किंवा मीटरच्या खांबाजवळ ही वेल लावू नका. तारेला टेकलेली फांदी स्वतः छाटायला जाऊ नका, जीवावर बेतू शकते. महावितरणला कळवा. कवेलूच्या घरावरही चढवू नका, फांद्या कवेलू उचलतात आणि पावसात घर गळते.

छाटताना जाड हातमोजे आणि बूट घाला. कापलेल्या काट्या रस्त्यावर किंवा बांधीत फेकू नका. सायकल पंक्चर होतेच, पण रोवणी-निंदणीला अनवाणी उतरणाऱ्या बायामाणसांच्या पायात तो काटा जातो. एका कोपऱ्यात ढीग लावा.

नर्सरीत गुलाबी झुपक्यांची 'आइसक्रीम वेल'ही मिळते. तीही याच दिवसांत फुलते, पण जमिनीत कंद धरते आणि एकदा पसरली की निघता निघत नाही. शेताच्या धुऱ्यावर ती नकोच. डबल फुलांची बोगनवेल घेताना एवढं ध्यानात ठेवा की तिची सुकलेली फुलं गळत नाहीत, वेलीवरच मळकी दिसत राहतात. कुंपणासाठी साधी राणी रंगाची गावठी वेलच बरी. शेजाऱ्याच्या वाड्यातून काडी मागून आणली तर फुकटात काम होते.