फुटिंग भरण्याआधी खड्ड्यात उतरून काय बघायचं?

टाइल्स, खिडक्या, रंग आवडले नाहीत तर बदलता येतात. घराचं फुटिंग मात्र एकदा भरून त्यावर माती लोटली की पुन्हा दिसत नाही. त्यामुळे तपासणी करायची ती काँक्रीट ओतण्याआधीच.

फुटिंग म्हणजे कॉलमचा तळवा. घराचा भार तो जमिनीच्या मोठ्या भागावर पसरवतो. खड्डा किती खोल, हे जमीन ठरवते. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच फुटिंग टेकवलं तर घर थोडं थोडं हलत राहतं आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणतात. मुरूम फारच खोल असेल तर काय करायचं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. 'शेजाऱ्यांनी पाच फूटच खणलंय' हे त्याचं उत्तर नाही.

खड्ड्याच्या तळाशी आधी पीसीसीचा पातळ थर, त्यावर सळयांची जाळी आणि बाजूंनी शटरिंगच्या फळ्या.

घोळ होतो तो जाळीपाशी. ती थेट पीसीसीवर टाकली जाते, नाहीतर खाली विटेचे तुकडे सरकवले जातात. आयएस 456 या भारतीय मानकानुसार फुटिंगमध्ये सळईला सगळीकडून किमान 50 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर हवं. वीट पाणी शोषते आणि ती ओल सळईपर्यंत पोचते. गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. हे टाळायला लागतात फक्त 50 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक. बांधकामाच्या एकूण खर्चात त्यांची किंमत नगण्य असते.

दुसरा घोळ पाण्याचा. एम20 काँक्रीटचं नेहमीचं प्रमाण 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू, 3 भाग खडी. त्यात 50 किलोच्या गोणीला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. पातळ माल पटकन पसरतो, मेहनत वाचते, म्हणून साइटवर सर्रास एखादी बादली जास्त ओतली जाते. हे जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. माल घट्ट वाटला तर पाणी वाढवायचं नाही, व्हायब्रेटर नीट फिरवायचा.

खड्ड्यात साचलेलं पाणी आधी उपसायला हवं. माल दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकू नये, नाहीतर खडी वेगळी आणि सिमेंटचं पाणी वेगळं होतं. भरताना 15 सेंटिमीटरचे काही क्यूब भरून ठेवावेत. 28 दिवसांनी लॅबमध्ये दाबून पाहिले की काँक्रीट खरंच एम20 आहे का, ते कळतं.

शेवटचं काम पाणी मारण्याचं. ओपीसी सिमेंट असेल तर किमान 7 दिवस, पीपीसी असेल तर 10. कोणतं ते गोणीवरच छापलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी माती लोटायची घाई झाली तर ठेकेदाराला थांबवावं. आणि ओतण्याआधी, जाळीखाली मोजपट्टी धरून प्रत्येक खड्ड्याचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.