थिबा राजवाड्याचं छप्पर आणि कोकणचा पाऊस

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला. आधी त्याला बंगल्यांत ठेवलं, राजवाडा तयार झाला तो १९१० साली. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये वारला. १९१९ साली राणी मायदेशी परतली. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं ही वास्तू सरकारच्या हाती आहे, आणि ती कशी सांभाळली हे बघायचं तर आधी छपराकडे बघावं लागतं.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. समुद्रावरच्या वाऱ्याने तो तिरका झोडपतो. राजवाड्याची छपरं उतरती आहेत ती यासाठीच. अशा छपराला पहिला धोका असतो पन्हळीत. तिथे पालापाचोळा साचतो, पाणी तुंबतं आणि उलटं लाकडात शिरतं. वळचणीकडची वाशांची टोकं कुजू लागतात, खारी हवा खिळे खाते, रीपा सैल होतात, मग वाळवी. खोलीत ओलीचा डाग उमटतो तोवर वरचं लाकूड बरंचसं गेलेलं असतं. सागवानही सततच्या ओलीपुढे टिकत नाही.

कोकणातल्या घरांनी यावर शाकारणीचा उपाय काढला होता. मृगाआधी गडी आढ्यापर्यंत चढायचे, कौलं चाळायचे, फुटकी बदलायचे, कुजका वासा तिथल्या तिथे काढायचे. खर्च थोडा, पण दर वर्षी. राजवाड्याच्या नशिबी मात्र सरकारी रीत आली. गळती दिसल्यावर अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निविदा. तेवढ्यात पुढचा पाऊस येऊन ठेपतो. ही रीत जांभ्याच्या भिंतीला एकवेळ चालेल, छपराला नाही.

अशी चालढकल शेवटी मोठ्या दुरुस्तीवर येते, आणि तिची किंमत जगाने पाहिली आहे. लंडनच्या क्यू उद्यानातलं टेंपरेट हाऊस हे जुनं काचघर २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षं बंद होतं. त्याच्या हजारो काचा बदलाव्या लागल्या. इतकी वेळ आपल्या राजवाड्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे, आत प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. म्हणून पुरातत्त्व विभागाला एकच विनंती: शाकारणीसाठी दर वर्षीची वेगळी तरतूद करा, पैसे मार्चअखेर हाती ठेवा, आणि एप्रिलमध्ये कोकणातले जाणते सुतार छपरावर चढवा.