छापायचं चित्र? आधी टाके मोजा!

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी टॅबवर सुरेख चित्रं काढतात. पण तेच चित्र दिवाळीच्या भेटकार्डावर छापून आलं, की कधीकधी अगदीच धूसर दिसतं. मेहनत नि पैसे, दोन्ही वाया! दोष बहुधा छपाईचा नसतो, मापाचा असतो.

स्वेटर विणताना आपण टाके आधी मोजून घालतो ना? चित्राचे टाके म्हणजे पिक्सेल. हातात धरून पाहायच्या चित्राला इंचाला ३०० हवेत. म्हणजे ५ बाय ७ इंची कार्डाला १५०० बाय २१००, अन् ए-४ कागदाला २४८० बाय ३५०८. भिंतीवर लांबून पाहायच्या मोठ्या चित्राला इंचाला १५० पुरतात.

हे माप चित्र सुरू करण्यापूर्वीच ठरवा. लहान चित्र मागाहून ताणलं, तर ओढलेल्या स्वेटरसारखं विरळच होणार! रंग कडेपर्यंत असेल, तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्त ठेवा. तेवढा कटाईत जातो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडू नका, चित्राचे पिक्सेल घटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि हो, शंभर प्रती सांगण्याआधी एक नमुना छापून घ्या. तो नीट निरखा, मगच होकार द्या.