होडीचे इंजिन कठड्याला नव्हे, मागच्या फळीला

सातारा आणि सांगली हे काही समुद्रकाठचे जिल्हे नव्हेत, पण होडी इथल्या जगण्याचा भाग आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोलीहून निघणाऱ्या बोटींवर पर्यटक वासोटा किल्ल्याला जातात आणि पलीकडच्या काठावरची गावेही या बोटींवरच विसंबून असतात. खाली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडली की गल्लीत होडी येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले, तेव्हा किती घरांना होडीचाच आधार होता हे सांगलीकरांना सांगायला नको.

यातल्या बऱ्याच होड्यांच्या मागे टांगलेले, काढता-घालता येणारे इंजिन असते. बोलीत त्याला ओबीएम (आउटबोर्ड मोटर) किंवा नुसते मशीन म्हणतात. ते कुठे बसवायचे आणि कसे वापरायचे याबद्दलच्या चुकीच्या समजुती जिवावर बेतू शकतात.

गैरसमज 1 : इंजिन छोटे आहे, मागच्या कठड्याच्या पाइपला आवळले तरी चालेल.

वस्तुस्थिती : शिडाच्या नौकांच्या मागच्या कठड्यावर लाकडी ठोकळा बसवून त्यावर छोटे इंजिन अडकवलेले फोटोत दिसते, आणि ही समजूत तिथूनच बळावते. तो ठोकळा इंजिन ठेवण्यासाठी असतो, चालवण्यासाठी नाही. ते इंजिन बहुतेकदा सोबतच्या डिंगीचे, म्हणजे लहान होडीचे असते. प्रवासात ते कठड्यावर राहते आणि वापरताना डिंगीच्या मागच्या फळीला लागते.

कठड्यावरून इंजिन न चालवण्याचे साधे कारण उंची. लहान इंजिनाचा दांडा साधारण 15 किंवा 20 इंचांचा असतो. कठडा पाण्यापासून तीन-चार फूट उंच असेल, तर दांड्याच्या टोकाचा पंखा पाण्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरे कारण जोराचे. इंजिन चालू झाले की पंखा खालून होडीला पुढे ढकलतो. त्यामुळे इंजिन धरून ठेवणाऱ्या पकडीचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचा भाग मागे ओढला जातो. सपाट, जाड फळी हा पीळ पेलते. गोल पाइपवर तीच पकड फिरू लागते, शिवाय कठड्याचे पाय डेकमध्ये जिथे रोवलेले असतात तिथले स्क्रू हळूहळू ढिले होतात. कठडा माणसाच्या आधारासाठी असतो. सहा हॉर्सपॉवरच्या फोर स्ट्रोक इंजिनाचे नुसते वजनच 25 किलोंच्या आसपास भरते, त्यात लाटेचे हिसके आणि पंख्याचा जोर धरलेलाच नाही.

गैरसमज 2 : पंखा जितका खोल, तितकी ओढ जास्त.

वस्तुस्थिती : पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. सपाट बुडाच्या वेगवान होडीत ती बुडाच्या पातळीला किंवा इंचभर खाली यावी. त्याहून वर राहिली तर पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि उथळ जागी पंखा तळाला घासतो. शिडाच्या नौकेची मागची बाजू लाटांवर वर-खाली होते, म्हणून तिथे लांब दांड्याचे इंजिन लागते. इंजिन घेण्याआधी फळीची उंची मधोमध, जिथे पकड बसणार तिथेच मोजावी.

गैरसमज 3 : पकडीचे दोन स्क्रू आवळले की काम झाले.

वस्तुस्थिती : थरथरीने स्क्रू सैल होतात. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ते पुन्हा आवळावेत. इंजिन कायम त्याच होडीवर राहणार असेल, तर फळीतून आरपार बोल्ट टाकावेत आणि ती भोके नीट बुजवावीत, नाहीतर पाणी मुरून फळी आतून कुजते. शिवाय इंजिनापासून होडीच्या भक्कम कडीपर्यंत साखळी किंवा दोर हवाच. पुराच्या पाण्यात बुडालेले कुंपण, तारा, उसाचे फड, वाहून आलेली लाकडे असतात. धडक बसली की इंजिन आपोआप वर उचलले गेले पाहिजे. ते उचलू न देणारी कळ फक्त रिव्हर्स घेताना लावायची असते.

गैरसमज 4 : मोठे इंजिन लावले की जास्त माणसे नेता येतात.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक गैरसमज. इंजिनाने वेग वाढतो, वजन पेलण्याची ताकद नाही. ती होडीच्या आकारावर ठरते, आणि जड इंजिन त्यातलाच वाटा खाते. इंजिन, पेट्रोलची टाकी आणि चालवणारा, तिन्ही वजने मागच्या टोकाला येतात. मागची कड पाण्याजवळ झुकते. अशात वेग एकदम कमी केला, की होडीनेच उठवलेली लाट मागून आत शिरते. माणसे घाबरून एका बाजूला सरकली, तर होडी सावरत नाही.

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि अनेकांचा जीव गेला. क्षमतेहून जास्त माणसे त्या होडीत होती. हे विसरून चालणार नाही. होडी किती माणसांची हे घाईच्या वेळी ठरवायचे नसते. तो आकडा होडीवर ठळक रंगवलेला असावा.

गैरसमज 5 : पेट्रोल भरले की मशीन तयार.

वस्तुस्थिती : टू स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. बऱ्याच इंजिनांना हे प्रमाण 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली असते. आपल्या इंजिनाचे पुस्तिकेत पाहावे. फोर स्ट्रोकला मिश्रण चालत नाही, त्याचे ऑइल वेगळे. वर्षभर पडून राहिलेले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होते आणि नेमके पुराच्या दिवशी मशीन सुरू होत नाही. म्हणून ठेवताना कार्बोरेटर रिकामा करावा.

चाचणी कोरड्यात घेऊ नये. बहुतेक इंजिने पाण्यानेच थंड होतात आणि त्यांच्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला की खराब होतो. पिंपात पाणी भरून, पंखा बुडवून मशीन चालवावे. मागून पाण्याची बारीक धार सुरू झाली, तर पंप चालतो आहे असे समजावे. धार थांबली तर इंजिन लगेच बंद करावे. नदीत असे झाले, तर बहुतेकदा जलपर्णी किंवा प्लॅस्टिकने पाणी घेण्याची जाळी तुंबलेली असते.

गैरसमज 6 : इंजिनाला जोडलेली लाल दोरी ही नुसती शोभा.

वस्तुस्थिती : ती दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची असते. तो पाण्यात पडला की दोरी इंजिनातून सुटते आणि इंजिन बंद होते. एरवी रिकामी होडी गोल फिरत राहते आणि पंखा पाण्यातल्या माणसांवर येतो. माणूस होडीत चढत असताना किंवा पाण्यातून वर घेताना तर इंजिन बंदच हवे.

कृष्णा-वारणेच्या काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मे महिन्यातच आपली होडी बाहेर काढावी. मागची फळी ठोकून पाहावी, बोल्ट आवळावेत, पिंपात मशीन चालवून पाहावे, लाइफ जॅकेट मोजावीत आणि चालवणाऱ्या दोघा-तिघांचा सराव घ्यावा. पाणी 40 फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हा या कामांना वेळ उरत नाही.