एस्प्रेसो यंत्राची घट्ट चावी

ज्या घरांत कॉफी म्हणजे जायफळ घातलेली दुधाची कॉफी, एवढेच ठाऊक होते, अशा कित्येक घरांच्या ओट्यावर अलीकडे इटालियन धर्तीचे एस्प्रेसो यंत्र येऊन बसले आहे. पहिल्या दिवशी त्याचे कौतुक सर्वच करतात. पुढे दूध तापविण्याच्या वाफेची चावी फिरेनाशी होते आणि यंत्र घरातील एखाद्या बळकट मनगटाच्या माणसाच्या स्वाधीन होते. गृहिणीच्या किंवा आमच्यासारख्या साठी उलटलेल्याच्या हातास ती दाद देत नाही. परंतु या कामी बळ हा उपाय नसून बहुधा तेच रोगाचे मूळ असते, असे आमचे मत आहे.

मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी 1901 साली या जातीच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा कॉफीतून पाणी लोटण्याचे कामही वाफेचा दाबच करी. आता बहुतेक घरगुती यंत्रांत ते काम विजेचा पंप करतो. वाफेची चावी मात्र पुष्कळ यंत्रांत जुन्या वळणाचीच राहिली आहे. चावीमागचा धातूचा दांडा आट्यांवरून पुढे सरकतो, त्याचे टोक आतील बैठकीस टेकले की वाफ बंद. दांड्याभोवती एक रबरी कडे असते, ते वाफेस बाहेर फुटू देत नाही.

आता घरोघर काय घडते पाहा. चावी बंद केल्यावरही नळीतून दोन-चार थेंब पडतात. ती नळीत उरलेल्या वाफेची थंड झालेली रूपे होत, गळती नव्हे. पण पाहणारा घाबरून चावी आणखी आवळतो. रोजच्या आवळण्याने टोक व बैठक झिजतात, मग खरीच गळती लागते, ती थांबविण्यास अधिक आवळावे लागते. नैयायिक ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात, तो येथे पितळेत उतरलेला दिसतो. त्यातच कूपनलिकेचे जड पाणी असेल तर क्षारांचे किटण आट्यांत बसते आणि मूळचे वंगणही वाळून जाते.

उपचारापूर्वी निदान करावे. यंत्र बंद करून विजेची पिन काढावी व ते काही तास पूर्ण थंड होऊ द्यावे. मग चावी उघडून दाब उरला नाही ना, हे पाहावे. येथे उतावीळपणा करू नये. वातावरणाहून एक बार अधिक दाबाखाली पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्या वाफेने भाजलेला हात साध्या चटक्यासारखा नसतो. नंतर वरची मूठ काढून नुसता दांडा पकडीने हलकेच फिरवावा. तो सहज फिरला, तर दोष आतला नाहीच. मूठ पत्र्यास घासत असेल किंवा तिच्याखाली उडालेले दूध वाळले असेल. ओल्या फडक्याने काम भागते.

दांडाच अडत असेल तर तो पान्याने सोडवून बाहेर काढावा. हमीची मुदत चालू असल्यास मात्र हे काम कंपनीच्या माणसावर सोपवावे. रबरी कडे काढून ठेवून दांडा सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावा, जुन्या दातांच्या ब्रशाने आटे घासावे व स्वच्छ पाण्याने धुवावे. कडे चपटे किंवा चिरलेले दिसल्यास त्याच मापाचे नवे बसवावे.

वंगणाविषयी थोडे अधिक लिहितो. संस्कृतात तेलातुपास आणि मायेस एकच शब्द आहे, स्नेह. परंतु येथे वाटेल तो स्नेह उपयोगी नाही. शिवणयंत्राचे तेल खनिज असते, आणि या यंत्रांत बहुधा वापरले जाणारे ई.पी.डी.एम. रबर त्याने फुगते. म्हणजे दांडा पुन्हा अडतो. खोबरेल थंडीत थिजते, आणि उष्णतेने कालांतराने चिकट होते. खाद्यपदार्थांच्या यंत्रांस योग्य असे सिलिकोनचे वंगण मिळते. त्याचा पातळ हात आट्यांस व कड्यास द्यावा, टोकास नको.

जोडणी झाल्यावर यंत्र तापवून वाफ सोडावी, चावी दोन बोटांनी बंद करावी आणि नळी पुसून दहा मिनिटे वाट पाहावी. तरीही थेंब सुरूच राहिले, तर टोक किंवा बैठक झिजली आहे, असे समजून तो भाग बदलून घ्यावा.