दूरचा संगणक, हाताशी : लेखांक ६
नाव बरोबर, तरी दार बंद

घराचा बदलता आयपी पत्ता एका ठरलेल्या नावापुढे नोंदवत राहणाऱ्या डायनॅमिक डीएनएसचा उपयोग व्हायचा तर एक अट आधी पूर्ण व्हावी लागते: त्या नावापुढे नोंदवला जाणारा पत्ता त्याच घराच्या राउटरकडे असला पाहिजे. भारतातील बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये ही अट मुळातच पूर्ण होत नाही आणि मग नाव अचूक असूनही जोडणी होत नाही. परदेशी राहून सांगलीतील आई-वडिलांचा संगणक सांभाळणाऱ्या एका वाचकाची अडचण नेमकी हीच आहे. त्यांच्या नावापुढचा पत्ता वेळच्या वेळी बदलतो, घरच्या संगणकावरील ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ म्हणून जो पत्ता दिसतो त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही केलेले आहे, आणि तरीही बाहेरून केलेली विनंती काही क्षण ताटकळून संपते. या प्रश्नाचे उत्तर समजल्याशिवाय पुढचे काहीच उमगणार नसल्याने, या आठवड्यासाठी योजलेले वायरगार्ड या व्हीपीएनचे प्रकरण पुढे ढकलणे भाग आहे.

आयपीव्ही४ हा पत्ता ३२ बिटांचा असल्याने अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटींपुढे जाऊ शकत नाही, आणि तीतलाही मोठा भाग राखीव आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून संपले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची संस्था ‘अपनिक’ आपल्या अखेरच्या गटापर्यंत येऊन ठेपली. त्यानंतर त्या गटातून एका सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते देण्याचा नियम लागू झाला. एखाद्या तालुक्यात दहा हजार जोडण्या देऊ पाहणाऱ्या नव्या सेवादात्याच्या हाती एवढेच पत्ते असतील, तर एकेक पत्ता अनेक घरांत वाटण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. जुन्या, मोठ्या सेवादात्यांकडे पत्ते अधिक असले तरी ग्राहकही त्याच प्रमाणात अधिक असल्याने त्यांचीही सुटका नाही.

ही वाटणी ज्या यंत्रणेने होते तिला कॅरिअर-ग्रेड नॅट किंवा थोडक्यात सीजीनॅट म्हणतात. घरचा राउटर जे घरातल्या चार-पाच यंत्रांसाठी करतो, तेच सेवादात्याचे हे यंत्र शेकडो घरांसाठी करते. घरातून बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी ते आपल्या तक्त्यात नोंदवते, तिला सामायिक सार्वजनिक पत्त्यावरील एक पोर्ट देते आणि त्या पोर्टवर येणारे उत्तर मूळ घराकडे वळवते. पोर्टचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट उपलब्ध असतात आणि ते सर्व घरांत वाटून पुरवले जातात. जुन्या कार्यालयात एकाच लँडलाइनवर वीस एक्स्टेन्शन असत, कोणत्याही टेबलावरून बाहेर फोन लावता येई, पण बाहेरून आलेला फोन कोणाकडे द्यायचा हे ऑपरेटरला सांगावे लागे. येथे सांगायला ऑपरेटरच नाही. तक्त्यात आधीची नोंद नसलेली विनंती आली की सीजीनॅट ती सरळ टाकून देते, घरच्या राउटरपर्यंत ती पोहोचतच नाही, आणि म्हणून तेथे उघडलेले पोर्ट निरुपयोगी ठरते. डायनॅमिक डीएनएसचा प्रोग्राम बिचारा खरे तेच सांगत असतो. फक्त तो सांगतो तो पत्ता शेकडो घरांचा असतो.

निदान सोपे आहे. घरातील ब्राउझरमध्ये राउटरचे पान (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) उघडून ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन आयपी’ पाहावा आणि बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून घ्यावा. दोन्ही एक असतील तर दोष अन्यत्र, बहुधा विंडोजच्या फायरवॉलमध्ये, शोधावा. वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर शंकेला जागाच नाही, कारण ४१,९४,३०४ पत्त्यांचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. काही सेवादाते त्याऐवजी १० ने सुरू होणारे खासगी पत्ते देतात, अर्थ तोच. ‘ट्रेसर्ट’ची आज्ञा देऊन दुसऱ्या ओळीत १०० किंवा १० चा आकडा दिसला की सीजीनॅट आहे असे मानण्याची पद्धत मात्र फसवी आहे, कारण सेवादाते आपल्या अंतर्गत दुव्यांनाही असे पत्ते देतात, वॅन आयपी हाच खरा पुरावा.

वॅन आयपीसुद्धा १९२.१६८ नेच सुरू होत असेल तर आधी घरातच पाहावे. फायबरवाल्याने लावलेली पेटी स्वतःच राउटरचे काम करीत असते आणि तिच्यामागे घरच्यांनी दुकानातून आणलेला वाय-फाय राउटर जोडलेला असतो, असे दृश्य फार ठिकाणी दिसते. मग नॅट दोनदा होते आणि पोर्ट केवळ आतल्या पेटीत उघडलेले असते. पहिली पेटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकली की हा घरगुती घोळ मिटतो.

खऱ्या सीजीनॅटवर सरळ उपाय म्हणजे सेवादात्याकडून शुल्क भरून स्टॅटिक आयपी घेणे. त्याने पत्ता बदलण्याचीही कटकट संपते, परंतु विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट त्या पत्त्यावर उघडे टाकणे प्रस्तुत लेखकाला मुळीच मान्य नाही. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीमुळे, जुन्या विंडोजमध्ये पासवर्ड न देताही याच सेवेतून शिरकाव करता येत होता.

दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा. १२८ बिटांच्या या पत्त्यांची टंचाई नसल्याने घरातील प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, नॅटची गरजच उरत नाही, आणि डायनॅमिक डीएनएसमध्ये ‘क्वाड-ए’ प्रकारची नोंद केली की नाव थेट त्या संगणकाकडे नेते. राउटरची फायरवॉल तेवढी त्या एका संगणकापुरती उघडावी लागते. विंडोज बाहेर जाताना तात्पुरता, ठरावीक काळाने बदलणारा पत्ता वापरते, त्यामुळे नावापुढे तो न नोंदवता त्याच यंत्राचा स्थिर पत्ता नोंदवावा. अडचण एवढीच की मदत करणाऱ्याच्या टोकालाही आयपीव्ही६ हवे, आणि हॉटेल वा कार्यालयाच्या वाय-फायवर ते असेलच असे नाही.

तिसरा मार्ग, म्हणजे दोन्ही टोकांनी बाहेर पडून मधल्या एखाद्या सर्व्हरच्या ओळखीने एकमेकांना गाठणे, वायरगार्डशी जोडलेला असल्याने तो पुढच्या लेखांकात येईल. तोवर वाचकांनी एक पथ्य पाळावे. ब्रिज मोड किंवा फायरवॉलमधला बदल दूर बसून, चालू असलेल्या जोडणीवरून करू नये. पेटी ब्रिज मोडमध्ये गेली की तिचे स्वतःचे वाय-फायही बहुधा बंद पडते, आई-वडिलांच्या मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल तिथल्या तिथे तुटतो, आणि मग रीसेटचे बटण पेटीच्या मागे कोठे आहे ते त्यांना साध्या फोनवरून समजावून सांगावे लागते.