दादरपर्यंतचा डोंगर, कर्जतपर्यंतचे अंतराळ

मुंबई सीएसटीहून दादर साधारण नऊ किलोमीटर. जलद लोकल मिळाली तर पंधरा मिनिटांत माणूस उतरून कामाला लागतो. हेच नऊ किलोमीटर जमिनीवर आडवे न मोजता आभाळाच्या दिशेने उभे मोजले, तर आपण जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत जातो. त्याची उंची ८,८४८.८६ मीटर. त्या माथ्यावर जाऊन यायला दोन-दोन महिने लागतात आणि गेलेला प्रत्येक जण परत येतोच असे नाही.

आता तीच लोकल पुढे नेऊ. दादर, ठाणे, कल्याण आणि शेवटी कर्जत. सीएसटीहून शंभर किलोमीटर. तेवढेच सरळ वर गेले की अंतराळ सुरू झाले, असे जगात सर्वसाधारणपणे धरतात. अमेरिकेत तर ऐंशी किलोमीटरच्या वर गेलेल्यालाही अंतराळात जाऊन आला म्हणतात. म्हणजे अंतराळ तसे फार लांब नाही. आपल्या आवाक्याबाहेर आहे ते त्याचे तिकीट.

अमका उद्योगपती अंतराळात जाऊन आला, तमकी गायिका गेली, अशा बातम्या अधूनमधून टी.व्ही.वर लागतात. घरातली मुले विचारतात, "आपल्याला जाता येईल का हो?" आई-वडील हसतात आणि विषय बदलतात. तो बदलू नये. प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर देता येते.

पैसे भरून अंतराळात गेलेला पहिला माणूस म्हणजे अमेरिकेचा डेनिस टिटो. वय साठ वर्षे. २८ एप्रिल २००१ रोजी तो रशियाच्या सोयूझ यानातून अंतराळ स्थानकात गेला आणि आठेक दिवसांनी परतला. त्यासाठी त्याने दोन कोटी डॉलर मोजल्याचे तेव्हा छापून आले होते. त्या वेळच्या भावाने हे नव्वद कोटी रुपयांच्या वर जातात. अमेरिकेच्या नासाचा त्याला विरोध होता, पण रशियाला पैशांची गरज होती. येथे एक गोंधळ टाळला पाहिजे. १९८४ साली गेलेले राकेश शर्मा आणि २०२५ साली गेलेले शुभांशु शुक्ला हे पर्यटक नव्हेत. ते देशाच्या खर्चाने, देशाच्या कामासाठी, कसून प्रशिक्षण घेऊन गेले.

टिटो गेला ते स्थानक चारशे किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या हिशेबाने जवळजवळ जळगाव. तिथे टिकून राहायचे तर ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत राहावे लागते. खर्चाचे खरे कारण उंचीपेक्षा हा वेग आहे. एवढा वेग घेण्यासाठी लागणारे इंधन आणि ते इंधन उचलण्यासाठी लागणारे आणखी इंधन, असा तो हिशेब वाढत जातो.

मग काही कंपन्यांनी स्वस्तातली सहल काढली. स्वस्त म्हणजे त्यांच्या मानाने! पृथ्वीभोवती फिरायचे नाही, नुसते वर जायचे आणि खाली यायचे. २० जुलै २०२१ रोजी जेफ बेझोस या धनाढ्याने आपल्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या यानातून अशी फेरी मारली. टेक्सासच्या माळरानावरून यान उडाले आणि दहा-अकरा मिनिटांत सगळे खाली आले. दुसऱ्या एका कंपनीने, व्हर्जिन गॅलॅक्टिकने, त्याच वर्षी आपल्या तिकिटाचा दर साडेचार लाख डॉलर केला. रुपयांत सव्वातीन कोटींच्या वर.

या दहा मिनिटांत प्रवाशाने करायचे काय? बसायचे, पट्टा बांधायचा, काही काळ अंगावर येणारे वजन सोसायचे. मग सुमारे तीन मिनिटे पट्टा सोडून तरंगायचे, खिडकीतून पृथ्वीची निळी कड बघायची आणि पुन्हा पट्टा बांधायचा. ब्लू ओरिजिनच्या यानात चालकही नव्हता. सगळे यंत्रच करीत असे. प्रवाशांचे प्रशिक्षण दोन दिवसांचे.

तरंगण्याबद्दल मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. शंभर किलोमीटरवर पृथ्वीचे ओढणे संपते असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. तिथे ते ओढणे जमिनीपेक्षा जेमतेम तीन टक्क्यांनी कमी असते. माणूस तरंगतो, कारण यानही खाली पडत असते आणि आतला माणूसही त्याच वेगाने पडत असतो. पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो, तोच तीन मिनिटे टिकला असे समजा.

डोंगराचे गणित वेगळे

एव्हरेस्टवर यंत्र नेत नाही. पायथ्याचा तळच नेपाळच्या बाजूने ५,३६४ मीटरवर आहे. तिथून वर जायचे, खाली यायचे, पुन्हा थोडे अधिक वर जायचे, असे आठवडेच्या आठवडे करावे लागते, कारण विरळ हवेची शरीराला सवय व्हावी लागते. आठ हजार मीटरच्या वरच्या पट्ट्याला गिर्यारोहक मृत्युक्षेत्र म्हणतात. माथ्यावर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. तिथे बँकेतले खाते श्वास घ्यायला मदत करीत नाही.

पण पैसा तिथेही आहेच. नेपाळ सरकारने सप्टेंबर २०२५ पासून एव्हरेस्टच्या परवान्याचे शुल्क माणशी अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलर केले. म्हणजे तेरा लाख रुपये नुसत्या परवान्याचे. तंबू, दोर, प्राणवायूच्या नळकांड्या, वाटाड्या, विमा वेगळा. आणि एवढे पैसे भरणाऱ्याचे ओझे तो स्वतः उचलत नाही.

ते शेर्पा उचलतात. शेर्पा हा हिमालयातला बौद्ध समाज. जगाला ज्यांचे नाव माहीत आहे ते तेनझिंग नोर्गे १९३५ साली इंग्रजांच्या मोहिमेत हमाल म्हणून लागले होते. १८ वर्षांनी, २९ मे १९५३ रोजी, ते एडमंड हिलरींबरोबर माथ्यावर उभे राहिले. कामी रिता शेर्पा २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्यांदा वर जाऊन आले. एकदा जाऊन आलेला परदेशी पाहुणा त्यावर भाषणे देत फिरतो. एकतीस वेळा जाणाऱ्याचे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले आहे?

नेपाळच्या बाजूला तळाच्या वर खुंबूची हिमनदी कोसळत खाली येते. घराएवढे बर्फाचे ठोकळे, मध्ये खोल भेगा. त्यांवर अॅल्युमिनियमच्या शिड्या टाकून वाट करणारे शेर्पाच असतात. पाहुणा त्या जागेतून मोजक्या वेळा जातो. सामान वाहणारा हंगामात कितीतरी फेऱ्या करतो. १८ एप्रिल २०१४ रोजी सकाळी तिथे बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. वरच्या तळांवर सामान पोचवायला ते निघाले होते. तिघांचे मृतदेह मिळालेच नाहीत. सरकारने पहिल्यांदा जाहीर केलेली मदत होती चाळीस हजार नेपाळी रुपये, म्हणजे भारतीय पंचवीस हजार. शेर्पा संतापले. त्यांनी काम थांबवले आणि त्या बाजूचा त्या वर्षीचा हंगाम जवळजवळ बंद पडला. त्यानंतर कामगारांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. संप केल्याशिवाय विमा वाढत नाही, हे गिरणगावात वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

त्याच २०१४ साली, ३१ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटावर व्हर्जिन गॅलॅक्टिकचे यान चाचणीच्या उड्डाणात हवेत फुटले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी मरण पावला. शेपटाचा भाग वर वळवण्याची कळ ठरल्या वेळेआधी उघडली गेली होती. यान बांधणाऱ्या कंपनीचा तो नोकर, चाचणी हे त्याचे काम. पैसे भरून अंतराळात गेलेला एकही पर्यटक २०२५ पर्यंत तिथे दगावलेला नव्हता. धोका नाही असे मात्र कोणी म्हणत नाही. अमेरिकेत २००४ साली झालेल्या कायद्याप्रमाणे प्रवाशाकडून लेखी घेतात की, हे यान सुरक्षित असल्याचा दाखला सरकारने दिलेला नाही हे मला माहीत आहे. श्रीमंताला निदान धोका आधी वाचून दाखवतात. बर्फात शिडी टाकणाऱ्याला पोटासाठी जावे लागते. त्याच्या सहीला काय अर्थ?

निजामाबादची पूर्णा

त्याच वर्षातली तिसरी हकीकत मात्र मुलांसमोर मोठ्याने वाचावी अशी आहे.

निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकला गावची मालावत पूर्णा. आदिवासी, आई-वडील शेतमजूर. समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत नववीत होती. त्या शाळांचे सचिव आर. एस. प्रवीणकुमार यांनी ठरवले की आपल्या मुलांनीही डोंगर चढावेत. शंभरावर मुलांना आधी भोंगीरच्या प्रचंड खडकावर चढायला शिकवले. त्यातून वीस जण दार्जिलिंगला गेले, मग लडाखच्या थंडीत सराव झाला आणि शेवटी दोघे उरले. एक पूर्णा. दुसरा खम्मम जिल्ह्यातला साधनापल्ली आनंदकुमार, सायकल दुरुस्त करणाऱ्या दलित बापाचा मुलगा. नेपाळात सोळा वर्षांखालील मुलांना एव्हरेस्टचा परवाना मिळत नसे, म्हणून ते तिबेटच्या बाजूने गेले. वाटेत मृतदेह दिसले, भीती वाटली, हे पूर्णाने नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. २५ मे २०१४ च्या सकाळी ती माथ्यावर पोचली. वय तेरा वर्षे अकरा महिने. एवढ्या लहान वयात कोणतीच मुलगी तिथे गेली नव्हती. तिरंग्याबरोबर या दोघांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दलितांसाठी आयुष्य वेचलेले सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांची छायाचित्रेही माथ्यावर नेली होती. पुढे २०२२ पर्यंत पूर्णाने सातही खंडांतली सर्वांत उंच शिखरे पुरी केली.

त्यांच्याबरोबरही शेर्पा होते, हे विसरू नये. खर्च शासनाच्या संस्थेने केला, हेही. पण पाय तिचे होते. मुलगी घराबाहेर एकटी कशी पाठवायची, या काळजीत जे पालक आहेत त्यांनी त्या शेतमजूर आई-बापाचा विचार करावा. आपल्याकडेही २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली आदिवासी मुले एव्हरेस्टवर पोचली. त्या मोहिमेचे नाव 'मिशन शौर्य'.

नव्वदाव्या वर्षी मिळालेली खिडकी

अंतराळाच्या सहलीतही एक प्रवास असा झाला की तो वाचून बरे वाटते. एड ड्वाइट हे अमेरिकेच्या हवाई दलातले कृष्णवर्णीय वैमानिक. १९६१ साली, केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांना अंतराळवीर होण्याच्या प्रशिक्षणासाठी बोलावले गेले. तिथे त्यांना वर्णद्वेष सोसावा लागला, असे ते सांगत आले आहेत. १९६३ साली नासाने चौदा जणांची निवड जाहीर केली, त्यात त्यांचे नाव नव्हते. १९६६ साली त्यांनी हवाई दल सोडले. निरनिराळे उद्योग केले आणि चाळिशी उलटल्यावर शिल्पकला शिकले. गुलामगिरीतून वर आलेल्या आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी ब्राँझमध्ये ओतला. त्यांनी घडवलेली शंभराहून अधिक स्मारके अमेरिकेत उभी आहेत. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अंतराळवीर वर जायला मात्र १९८३ साल उजाडले.

१९ मे २०२४ रोजी ब्लू ओरिजिनच्या यानात ड्वाइट बसले. वय नव्वद. तिकिटाचे पैसे त्यांनी भरले नव्हते, ते सामाजिक संस्थांनी दिले. त्याच यानात आंध्र प्रदेशात जन्मलेले वैमानिक गोपी थोटाकुरा होते, पहिले भारतीय अंतराळ पर्यटक. उतरताना तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण उघडले नाही, पण दोनांवर यान नीट टेकले. हे आपल्या आयुष्यात नसले तरी चालेल असे आपल्याला वाटत होते, पण आता वाटते की हवेच होते, असे ड्वाइट बाहेर आल्यावर म्हणाले. दहा मिनिटांच्या सहलीला आम्ही वर नावे ठेवली. या एका माणसापुरती ती मागे घेतो.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाचे उत्तर असे. अंतराळात जायचे तर शिकून, देशाच्या मोहिमेत जाता येते. तिकीट काढून जाणे आपल्या पिढीत कठीण. डोंगरावर मात्र या हिवाळ्यातही जाता येईल. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी गावी उतरायचे आणि भल्या पहाटे चालू लागायचे. धडधाकट माणसाला वर जायला तीन-चार तास लागतात. कड्याच्या ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत. तिथे लहान मुलाच्या पुढे एक आणि मागे एक असे मोठे माणूस असावे. पाणी भरपूर न्यावे, पायांत रबरी तळाचे बूट घालावेत. वाटेवर गावकरी लिंबू सरबत विकतात. ती घागर त्यांनी पाठीवरून वर आणलेली असते, तेव्हा ग्लासामागे दोन रुपये कमी करायला सांगू नये.